नाटक आक्काचं होतं

आमची गाडी गावातून निघाली तेव्हा यात्रा नुकतीच संपली होती. मांडवाचे बांबू चौकात आडवे पडले होते आणि पाळणेवाले आपलं सामान ट्रकमध्ये भरत होते. गल्लीत एकामागून एक गाड्या सुरू होत होत्या. कुणी मदुराईला निघालं होतं, कुणी त्रिचूरला, कुणी थेट कोलकत्याला. आम्ही मिरजेला जाऊन कोइमतूरची रेल्वे धरणार होतो. माझी थोरली जाऊ शालन दारात उभी होती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला आक्का म्हणते. तिनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि बाजरीच्या पिठाची पिशवी गाडीत माझ्या पायाशी सरकवली आणि खिडकीशी वाकून म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. आनि मागं हितं काय झालं, ते सारखं इचारत बसू नगंस."

गाडी फाट्यावर वळली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता नाटकावरून रागावलेल्या त्या माणसांच्या तोंडाकडं बघावं लागणार नव्हतं. विट्यात चहाला थांबलो तर मी हसतखेळत भजीसुद्धा खाल्ली. ती भजी मला अजून आठवतात आणि आठवली की लाज वाटते. गावात राहिलात त्या सगळ्या आणि माझ्यासारख्या मुलूख सोडून भट्टीवाल्यांचे संसार करत बसलात त्या सगळ्या, तुमच्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर का गेली, हे तुम्हाला सांगायला नको. पण बाहेरच्या कुणी वाचलं तर त्याच्यासाठी सांगते, सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं हे काम. आटपाडी-विट्याकडच्या कोरड्या माळावर पोट भरेना म्हणून आधी एकेक पुरुष गेला, मग त्याची बायको गेली. माझा नवरा विलास थोरल्या भावाच्या हाताखाली कोइमतुरात शिकला. लग्नानंतर मी तिकडं निघाले तेव्हा माझी आई म्हणाली होती, "तिकडं डोक्यावरचा पदर बघायला कोन न्हाई. पर सवय मोडू नगंस."

सवय वर्षाच्या आत मोडली. तिथं मी कुणाची सून, कुणाची लेक, हे कुणाला ठाऊक नव्हतं. चुडीदार घालून मी मार्केटला जाऊ लागले, स्कूटी शिकले, 'तन्नी' म्हणजे पाणी, 'सापाटाच्चा' म्हणजे जेवलात का, असं करत तमीळही बोलायला लागले. खालच्या मजल्यावरच्या सेल्वीबाई मला अक्का म्हणतात. तमीळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. पहिल्या वर्षी त्यांनी हाक मारली की माझ्या डोळ्यांसमोर शालनआक्का यायची.

आक्काही तेव्हा कोइमतुरातच होती. थोरले दीर छातीच्या दुखण्यानं तिथंच गेले आणि त्यांना घेऊन आम्ही गावाला आलो. दहाव्याला बायकांनी आक्काला मधे बसवलं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले होते. बांगड्या फोडताना तिचा हात कसा आखडत होता, ते मला माझ्या पाठीला कळत होतं. त्यानंतर आक्का गावातच राहिली. सासूबाईंना, ज्यांना आम्ही दोघी आत्या म्हणतो, कुणीतरी सांभाळायला हवं होतं. दोन म्हशी होत्या, थोडं रान होतं. शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. आम्ही कोइमतुरला परत आलो.

आक्काला वाचायचा नाद होता. गावच्या वाचनालयात पेपर वाचायला पुरुष बसायचे आणि बायका पोरांना धाडून पुस्तकं मागवायच्या. आक्का मात्र स्वतः जायची, कपाटासमोर उभी राहून पुस्तक निवडायची आणि घेऊन यायची. लग्नाच्या नवलाईत दिरांनी तिला सांगलीला नेऊन नाटक दाखवलं होतं. त्याची गोष्ट ती मला अजून एकेका प्रवेशासकट सांगते. एका संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या घरी हळदीकुंकू झालं आणि आक्काला कुणीच बोलावलं नाही. त्याआधीही बोलावलं नव्हतंच. पण त्या वर्षी, मला वाटतं, तिनं ते मनावर घेतलं. तिनं नाटक लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'बोलावणं'.

ते नाटक मी कोइमतूरच्या स्वयंपाकघरात ऐकलं. दुपारी फोन डब्यांना टेकवून ठेवायचा, मी सांबाराला फोडणी द्यायची आणि तिकडून आक्का एकेक प्रवेश वाचायची. तिच्या नाटकातली विधवा बाई शेजारच्या हळदीकुंकवाला न बोलावता जाते. उंबऱ्यापर्यंत जाते, आतल्या बायकांचं हसणं ऐकते आणि माघारी फिरते. तिथं पडदा पडायचा.

मी म्हटलं, "आक्का, तिला माघारी नका धाडू. तिला आत न्या, मधे बसवा. आनि तिला बोलू द्या."

"काय बोलंल ती?"

मला तेव्हाच सुचलं. मी म्हटलं, तिनं म्हणावं, 'मला तुमचं कुकू नगं. मला नावानं बोलवा.'

आक्कानं ते वाक्य स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "बसवायला काय, बसवते. पर उठल्यावर ती कुठं जाईल गं, नंदा?"

मी हसले. नाटक तिथंच संपतं, पुढचं कोण बघतंय, असं काहीतरी बोलले. कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात आक्कानं नवा शेवट वाचून दाखवला. बाई आत येऊन बसत होती.

चैत्रात यात्रेला गेलो तेव्हा नाटक यात्रेत करायचं म्हणून गल्लीतल्या बायकांच्या तालमी आमच्या सोप्यात सुरू होत्या. शेवटच्या प्रवेशावर मात्र सगळं अडलं होतं. त्या बाईचं काम कुणी करेना. नवरा जिवंत असताना कुंकू पुसून चारचौघांत उभं राहायचं, हे कुणाच्या घरात चालणार होतं? आक्कानं स्वतः केलं असतं, पण मग ते नाटक न राहता तिचं गाऱ्हाणं झालं असतं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मी करते. मला ते सोपं होतं. मला तिथं राहायचंच नव्हतं.

यात्रा कमिटीत चुलत सासरे आबा मुख्य होते. यात्रेचा खर्च बाहेरगावच्या भट्टीवाल्यांवर चालतो, त्यामुळं कमिटीही त्यांचीच. स्टेजवरच्या फलकावर देणगीदारांत विलासचं नाव वरच होतं. आबांनी नाटक मागून घेऊन वाचलं आणि आक्काला बोलावून सांगितलं की बायकांचं नाटक व्हावं, चांगलीच गोष्ट आहे, फक्त शेवट बदला. बाई दारातून माघारी गेली तर लोक रडतील, आणि लोकांना रडायला आवडतं. आक्का म्हणाली, शेवट बदलणार नाही. मग स्टेज ऑर्केस्ट्राला गेलं. ज्या स्टेजवर माझ्या घराचं नाव लिहिलं होतं, त्याच्यावर तिला जागा मिळाली नाही. नाटक शाळेच्या पटांगणात, ऊन उतरल्यावर करायचं ठरलं.

विलास मला म्हणाला, "तुला करायचं तर कर. पर मला म्होरं बसाय लावू नगंस." तो पटांगणाच्या कडेला मोटरसायकलींजवळ उभा राहिला.

बायका लय आल्या होत्या. शेवटच्या प्रवेशाला मी मोकळ्या कपाळानं आत गेले आणि मधल्या पाटावर बसले तेव्हा पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी वाक्य म्हटलं. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, तरुणपणी नवरा गेलेली. तिनं पदर तोंडावर ओढला आणि ती तशीच बसून राहिली. मग मागून टाळ्या आल्या, आधी पोरींच्या, मग सगळीकडून. मला आयुष्यात तेवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. आक्का पडद्याआड प्रॉम्प्टिंग करत होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं, हे मलाही सुचलं नाही.

आबा त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात येऊन बसले. मला काही बोलले नाहीत, मी पाहुणी. आक्काकडं बघून एवढंच म्हणाले की घराण्याची अब्रू पटांगणात मांडलीस. आणि मग आमची गाडी निघाली.

पोचल्यावर मी फोन केला. आक्का म्हणाली, सगळं बरं हाय. पुढं कितीतरी महिने सगळं बरंच होतं. म्हशी बऱ्या होत्या, आत्या बऱ्या होत्या, पाऊस बरा होता. मी इकडं मराठी मंडळाच्या गणपतीत आपल्या बायकांना त्या नाटकाचा किस्सा रंगवून सांगत होते. वाक्य माझं होतं, हेही सांगत होते.

मग आत्या डोळ्याच्या ऑपरेशनला कोइमतुरला आल्या. डोळ्यावर पट्टी, दिवसभर पलंगावर. एकदा मी त्यांना भात भरवत असताना सहज नाटकाचा विषय काढला. त्यांनी तोंड बाजूला घेतलं.

"शाळंतली खिचडी गेली तिची," त्या म्हणाल्या. "जून महिन्यातच गेली. नाटकापायी शाळंच्या कमिटीनं दुसरी बाई लावली. गल्लीत दोन घरं बोलत न्हाईत. तू बोललीस आनि गाडीत बसलीस. तिला रोज सकाळी दूध घेऊन त्याच माणसांच्या म्होरनं डेरीला जावं लागतंय."

मी विचारलं, आक्कानं मला का नाही सांगितलं. आत्या म्हणाल्या, "सांगून तू काय करणार हुतीस?"

त्या रात्री मी जेवले नाही. खरं तर माझ्या न जेवण्यानं कुणाचं काय होणार होतं? सकाळी आक्काला फोन लावला. रडत म्हटलं की सगळं माझ्यामुळं झालं, ते वाक्य मी दिलं नसतं तर काहीच झालं नसतं, तुम्ही आत्यांना घेऊन इकडंच या, इथं कुणी काही विचारत नाही. ती माझं रडणं संपेपर्यंत थांबली.

"नंदा," ती म्हणाली, "तू सुचवलंस. ठेवायचं का काढायचं ते मी ठरवलं. आबांनी काढ म्हटलं तवा न्हाई म्हटलं ते बी मीच. नाटक माझं हाय. ते वाक्य तुझं म्हनून मिरवू नगंस, आनि तुझं म्हनून रडू बी नगंस."

मी तिला इकडं येण्याबद्दल पुन्हा विचारलं.

"मी आले तर त्यांनी मला घालवली असं हुईल," ती म्हणाली. "तू गेलीस ते पोटासाठी. ते येगळं."

तिनं मला असं मोकळं केलं, तरी मी मोकळी झाले नाही. उलट तेव्हा मला कळलं की तिचं दुःखसुद्धा मी माझ्या नावावर करून घेत होते. स्वातंत्र्य, सन्मान हे शब्द पुस्तकात वाचले, व्यासपीठावरून ऐकले की अंगावर काटा येतो. माझ्याही येतो. पण ते शब्द बोलणारी बाई आणि ते शब्द बोलल्यावर त्याच गल्लीत राहणारी बाई, यांच्यात मिरज ते कोइमतूर एवढं अंतर आहे, आणि मी त्याच्या सोयीच्या टोकाला बसले आहे.

आक्का आता विट्याला एका यंत्रमागावर जाते, एसटीनं जाते-येते. शाळेचं काम परत मिळालं नाही. गेल्या संक्रांतीला समोरच्या घरची सून आली आणि दारातून म्हणाली, "शालनआक्का, या आमच्याकडं." एकच घर. आक्का गेली, वाण घेऊन आली, आणि मला फोनवर फक्त तिच्या घरची साखरफुटाण्याची डिश किती छान होती ते सांगितलं. ती दुसरं नाटक लिहिते आहे. वाचून दाखवते. मी ऐकते, आणि विचारल्याशिवाय काही सुचवत नाही.

सेल्वीबाई कधीकधी विचारतात, तुमचं 'सोंद ऊर' कुठलं? म्हणजे आपलं स्वतःचं गाव. पूर्वी मी पटकन सांगली म्हणायची. आता जरा अडखळते. गाव आपलं म्हणायचं तर तिथल्या नुसत्या यात्रेला जाऊन भागत नाही, यात्रेनंतरही राहावं लागतं.

म्हणून या वर्षी यात्रा संपून विलास गाड्यांबरोबर निघाला तेव्हा मी पोरांना घेऊन थांबले. भट्टीवाल्यांची घरं पुन्हा कुलुपात गेली. संगमरवरी ओटे आणि आत कुणी नाही. गाव एकदम मोठं आणि रिकामं दिसायला लागलं. सकाळी आक्काबरोबर डेरीला गेले. आबा पारावर बसले होते, त्यांनी पेपर वर धरला. डेरीच्या रांगेत एक बाई माझ्याकडं बघत राहिली. नाटकाच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांतली की न बोलणाऱ्या दोन घरांतली, मला ओळखता आलं नाही.

"तू गेली न्हाईस व्हय गं अजून?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

रांग सरकली. आक्कानं दूध मापायला दिलं. महिनाभर आम्ही दोघी रोज गेलो. मग पोरांच्या शाळा सुरू झाल्या आणि मी परत आले. आक्काला आता तिथं एकटीला जावं लागतं.