दुर्बिणीला परवाना लागत नाही

रायफलला परवाना लागतो, तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीला लागत नाही. इंग्लंडमधला हा साधा नियम आहे आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो वेगळा असता, तर बाबा त्या दुकानात माझ्याबरोबर आले नसते.

मी वन्यजीव व्यवस्थापन शिकते. नातेवाइकांना हे समजावताना मी अजून अडखळते. इथल्या रानांत हरणं फार झाली आहेत. त्यांना खाणारं जनावर उरलेलं नाही, आणि कोवळे शेंडे खाऊन ती नवीन झाडं वर येऊच देत नाहीत. म्हणून दर हिवाळ्यात ठरवून काही मारावी लागतात. हे काम एका गोळीत, जनावराचे हाल न करता करणारी माणसं लागतात. मला तसं माणूस व्हायचं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा रत्नागिरीकडचे. बरीच वर्षं जहाजांवर स्वयंपाकघरात होते, मग साउथहॅम्प्टनला उतरले आणि इथल्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागले. आई तिथेच वॉर्ड साफ करते. मी हा कोर्स घेतला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "ह्याची डिग्री मिळते ना?" मिळते म्हटल्यावर विषय मिटला. पुढे मी त्यांना फोनवर मंटजॅक नावाच्या इथल्या छोट्या हरणाचा फोटो दाखवला, तर ते मोठ्याने हसायलाच लागले. "अगो, हे तर भेकर! आमच्या मागच्या दारी यायचं. हे बघायला तू कॉलेजात जातेस?" त्या दिवसापासून माझं शिक्षण त्यांना थोडं आपलं वाटायला लागलं असावं. आजोबांकडे डुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, दसऱ्याला तिची पूजा व्हायची, हे सगळं मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

शेवटच्या वर्षी एका मोठ्या इस्टेटीने आमच्या कॉलेजातून एक जण घ्यायचं ठरवलं. हिवाळाभर काम, आणि नीट केलं तर पुढे कायम. आमच्या वर्गातून दोघांना बोलावलं, मला आणि एका शेतकऱ्याच्या मुलाला. एका संध्याकाळी तिथल्या हरणांची जबाबदारी असलेल्या मॅनेजरबरोबर मचाणावर बसायचं, आणि तो बघणार. मला ती जागा इतकी हवी होती की मी त्याबद्दल कुणाशी बोलतसुद्धा नव्हते.

परवान्यासाठी पोलीस खात्याची बाई घरी आली. आईने चांगले कप काढले आणि मला हळूच विचारलं, "जेवायला थांबतील का गो त्या?" जिन्याखाली तांदळाच्या पोत्याशेजारी रायफलसाठी लोखंडी कपाट भिंतीला ठोकून बसवलं होतं. त्या बाईने ते हलवून पाहिलं, आणि बाबांच्या देखत मला सांगितलं की किल्ली कुठे असते हे घरात दुसऱ्या कुणालाही कळता कामा नये.

"मलापण?" बाबांनी मला मराठीत विचारलं.

"हो बाबा. कुणालाच."

"माझ्याच घरात?"

माझी जुनी, दुसऱ्याने वापरलेली रायफल त्या कपाटात गेली, त्यानंतर बाबा जिन्याजवळून जाताना कपाटाकडे बघायचे नाहीत. म्हणून दुर्बीण घ्यायची वेळ आली आणि तिला परवाना लागत नाही असं मी म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग ती माझ्याकडून," ते म्हणाले. "दसऱ्याला घेऊ."

मला कोणती हवी होती ते मी ठरवलं होतं. हरणं उजाडताना आणि मावळताना बाहेर पडतात. तेव्हा डोळ्याला उजेड लागतो, मोठं चित्र लागत नाही. म्हणून पुढची काच रुंद हवी, जनावर फार मोठं करून दाखवणारी नको, आणि नेम धरायच्या आतल्या फुलीच्या रेघा जाड हव्यात, म्हणजे काळोखातही त्या दिसतात. आठपट दाखवणारी, फिरवायला एकही चकती नसलेली, असली एक जुनी दुर्बीण बंदुकांच्या एका दुकानात होती. मी दोनदा जाऊन ती बघून आले होते.

दसऱ्याला बाबा जॅकेट घालून आले. दुकानदार माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलू लागला. "मुलीसाठी, सगळ्यात चांगली," बाबा इंग्रजीत म्हणाले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आतून एक लांबलचक, काळीभोर दुर्बीण आणली. तिच्यावर तीन चकत्या होत्या आणि प्रत्येकीवर बारीक आकडे.

"तू म्हणत होतीस ती कितीची?" बाबांनी विचारलं.

"आठपट."

"आणि ही?"

"दहा ते चाळीस. पण बाबा, ही टार्गेटची आहे. उन्हातली. संध्याकाळी..."

"चाळीस मिळत असताना आठ कशाला?"

"तसं नसतं हो ते."

"पैशाचं तू बघू नकोस."

"पैशाचं म्हणत नाहीये मी."

"मग काय? त्या पोरांना त्यांच्या बापांनी काय काय दिलेलं असेल. तू त्यांच्यात ते जुनंपुराणं घेऊन बसणार? लोक म्हणतील, बापाने एवढंही दिलं नाही."

दुकानदार काउंटरवर हात ठेवून आमचं बोलणं संपायची वाट बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण मी मान हलवतेय आणि बाबा पाकीट काढतायत एवढं त्याला दिसत होतं. ही कशासाठी हवी, कोणत्या वेळी वापरणार, हे त्याने मला विचारायला हवं होतं. ते विचारणं त्याचं काम होतं. त्याने विचारलं नाही. "सुंदर वस्तू आहे," तो बाबांना म्हणाला, आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. बाबांनी दुकानात जाऊन माझ्या शिक्षणासाठी आजवर काही घेतलं नव्हतं. माझी पुस्तकं कोणती, वह्या कसल्या, त्यांना कधी कळायचंच नाही. ह्या एका वस्तूबद्दल त्यांना स्वतःचं मत होतं.

घरी पाटावर बाबांचे हॉस्पिटलातले सुरे मांडले होते. त्यांच्या शेजारी दुर्बीण. आई कुंकवाचं बोट घेऊन वाकली तशी मी ओरडले, "काचेवर नको, आई!" मग तिने ते वरच्या चकतीला लावलं, अक्षता टाकल्या, आणि बाबांनी हात जोडले. मीही जोडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी दिवेलागणीला मी ती नुसती दुर्बीण घेऊन किचनच्या खिडकीत उभी राहिले. मागची कुंपणाची झाडी राखाडी दिसत होती. फुली दिसत नव्हती. केसासारख्या बारीक रेघा झाडीत विरघळून गेल्या होत्या. मी बाबांना बोलावलं. त्यांनी बघितलं, डोळा चोळला, पुन्हा बघितलं. "सवय होईल," ते म्हणाले. "डोळ्याला सवय लागते."

मी त्यांना न सांगता ती दुकानात परत घेऊन गेले. दुकानदाराने चष्मा लावला आणि चकतीच्या खाचांत नख घातलं. नखाला लाल लागलं.

"हे काय, रक्त?"

"नाही. ते... आमच्या घरी पूजा असते. वस्तूंची."

"म्हणजे वापरलेली आहे," तो म्हणाला, आणि ती माझ्याकडे सरकवली.

दुसरी घेण्याची माझी ऐपत नव्हती. असती तरी बाबांनी दिलेली घरी ठेवून दुसरी नेणं मला जमलं असतं का, मला ठाऊक नाही.

नोव्हेंबरात मी मॅनेजरबरोबर मचाणावर बसले. तो शांत माणूस होता. वारा कुठून येतोय, मागे कुठे घर आहे, गोळी कुठल्या बाजूला अजिबात मारायची नाही, हे त्याने विचारलं आणि मी सांगितलं. त्याने मान डोलावली. मला वाटलं, जमतंय. उजेड अगदी संपत आला तेव्हा बर्चच्या झाडांतून एक मादी बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. अशी उभी राहते तेव्हाच मारायची असते. मी डोळा लावला. चकती सगळ्यात खाली, दहावर होती, तरी पूर्ण गोलात नुसती राखाडी कातडी भरून राहिली होती. फुली नव्हतीच. मी आकाशाकडे नेली तेव्हा दिसली, मादीवर आणली की नाहीशी.

"सापडली?" तो कुजबुजला.

"हो. नाही."

"सावकाश घे."

मी थांबले. ती दोन पावलं चालली, पुन्हा आडवी झाली. मी म्हणाले, "मला फुली दिसत नाहीये. मी मारणार नाही." आणि गोळी काढून घेतली. त्याने स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलं. "मला अजून स्वच्छ दिसतेय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

खाली उतरल्यावर त्याने माझी रायफल टॉर्चखाली धरली. "ही कुणी विकली तुला?"

"माझ्या वडिलांनी दिली."

तो म्हणाला, न मारण्याचा निर्णय अगदी बरोबर होता, पुष्कळ जण अशा वेळी मारून मोकळे होतात. आठवड्याने त्याचा फोन आला. तेच वाक्य त्याने पुन्हा म्हटलं, आणि जागा दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. पूर्ण तयारीने येणारा माणूस आम्हाला हवा, असं काहीतरी तो म्हणाला.

तो दुसरा मुलगा मला कँटीनमध्ये भेटला. मी त्याचं अभिनंदन केलं आणि त्याची दुर्बीण कुठली म्हणून विचारलं.

"माझी? माझ्यात धुकं धरतं, आजोबांची आहे ती. मी तिथलीच रायफल वापरली. इस्टेटची. आदल्या दिवशी फोन करून म्हटलं, तुमची एखादी देता का? ते देतात की. का, तू नाही विचारलंस?"

तो चांगला मुलगा आहे. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्याचंच मला जास्त लागलं.

मागायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात शेजाऱ्याची शिडीसुद्धा कधी आणली नाही. मागून नेलेल्या वस्तूने परीक्षेला बसायचं, आणि ती वस्तूही परीक्षकाचीच, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नसतं. आम्हाला ती लाज वाटली असती. तिकडे मागणं हीच आपलेपणाची ओळख होती. हे शिकवणारा कुठलाच तास कॉलेजात नव्हता.

बाबांना मी सरळ सांगितलं. "बाबा, दुर्बिणीत दिसलं नाही. म्हणून गेलं."

ते भाजी चिरत होते. सुरी थांबली नाही. "दुर्बिणीवरून कुणी नोकरी नाकारतं का? तू साधी आहेस. त्यांना आपला माणूस नकोच होता तिथे."

"तसं नाही हो. तो माणूस नीट वागला."

"नीटच वागतात ते."

मला राग आला. त्यांचा आला, की ह्यातलं थोडं खरं असेल म्हणून आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आदल्या दिवशी फोन करून मी मागितली असती, तर मला दिली असती का? त्या मुलाला न विचारताच माहीत होतं, की देतात. मला विचारूनही खात्री वाटली नसती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कम्युनिटी हॉलमध्ये बाबांनी हे चारचौघांत सांगितलं. "आपल्या पोरीला डिग्री आहे, सगळं आहे, पण घेतील कशाला?" सगळ्यांनी माना हलवल्या. एक काकू माझ्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या, "बरंच झालं बाई. हरणं मारायचं पाप तरी नाही लागलं." मी गोड बोलले.

आता शनिवार-रविवार मी एका गोदामात पार्सलं लावते. रायफल कपाटात आहे, वरून मोकळी. दुर्बीण बाबांनी मागून घेतली. आमच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून छपरांच्या पलीकडे बंदराचा एक तुकडा दिसतो. बाबांनी खिडकीच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवली आहे आणि तिच्यावर दुर्बीण टेकवून ते सुट्टीच्या दिवशी जहाजं बघतात. कुठलं जहाज कधी निघतं, त्यांना पाठ आहे.

गेल्या रविवारी मी कामावरून आले तर त्यांनी वरून हाक मारली. "बाय, ये लवकर. निघालंय बघ."

मी डोळा लावला. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. चाळीसवर लावलेली होती. जहाजाच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या मजल्यावर, पांढरा ॲप्रन घातलेला एक माणूस कठड्याला टेकून उभा होता. त्याच्या छातीवर ती बारीक फुली अगदी स्पष्ट दिसत होती. मी दचकून दुर्बीण बाजूला सरकवली.

"दिसला का गो?" बाबा म्हणाले. "मी तसाच उभा राहायचो. आणि तू म्हणतेस, हिच्यातून दिसत नाही."