तेलाच्या पिप्याचा ट्रक

मी घाईची बाई आहे. ओमतीच्या चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आधी जो हॉर्न वाजतो, तो बहुधा माझ्याच स्कूटरचा असतो. राइट टाउनमधल्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते आणि फळ्यावरचं गणित मुलांनी वही उघडायच्या आत मीच सोडवून मोकळी होते. अशा बाईला दगडांवरून तसूतसूने सरकणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचा नाद लागावा, याचं माझ्या नवऱ्याला अजून नवल वाटतं. "मला चालवायला हिला रिमोट तेवढा लागत नाही, बाकी मी आणि ती गाडी सारखेच," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

नाद लागला तो मदनमहालच्या टेकडीवर. रविवारी सकाळी मी तिथे फिरायला जाते. एकदा तिथल्या मोठमोठ्या दगडांमध्ये चार-पाच माणसं हातात रिमोट घेऊन उकिडवी बसलेली दिसली. प्रत्येकाची हातभर लांबीची गाडी, मोठाले मऊ टायर, आणि ती गाडी एका दगडाला अशी चिकटली होती की पुढे जाते आहे की नाही तेच कळेना. मी थोडा वेळ पाहिलं आणि न राहवून म्हटलं, "भैया, इतनी देर में तो मैं ऊपर जाकर आ जाती." त्यांच्यातल्या दाढीवाल्याने काही न बोलता रिमोट माझ्या हातात दिला. मी खटका दाबला, गाडी जोरात उसळली आणि उताणी पडली. पुन्हा दाबला, पुन्हा उताणी. सगळे हसले आणि मला असा राग आला की घरी येऊन मी त्याच संध्याकाळी सुट्या भागांची गाडी मागवली.

या गाड्यांना रॉक क्रॉलर म्हणतात. पळणं हे त्यांचं काम नाही, चढणं हे त्यांचं काम. टेकडीवर एक पुढे झुकलेला, फुगलेल्या पोटाचा दगड आहे. त्या मंडळींनी त्याचं नाव ठेवलं होतं फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान. लग्नात रुसून बसतात आणि काही केल्या मानत नाहीत, ते. विकतच्या तयार गाड्या फूफाजींवर चढत. आपल्या हाताने जुळवलेली गाडी तिथे चढवायची, असं मी ठरवून टाकलं.

गाडी जुळवायला पक्कड, कानस, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री असं सगळं लागतं. ते बाबांकडे होतं. बाबा अधारतालच्या पुढे, पनागरच्या रस्त्याला राहतात. सगळी नोकरी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात, पत्र्याच्या कामावर गेली. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून असत. टीव्ही चालू, आवाज बंद. आमच्याकडे राहायला या म्हटलं की "बघू" म्हणत. मी जायची, औषधं तपासायची, फ्रिज उघडून पाहायची, खुर्चीच्या दांडीवर टेकून चार गोष्टी बोलायची आणि निघायची. त्या खुर्चीतून त्यांना कसं उठवावं, हे मला कळत नव्हतं. परतताना स्कूटरवर मला रडू यायचं.

गाडी घेऊन गेले त्या दिवशी बाबांनी आधी लक्षच दिलं नाही. मी जेवणाच्या टेबलावर सगळे भाग पसरले. मोटर, गिअरचा डबा, दोन आस, शॉकर, चिमूटभर स्क्रू. एक तार मी चुकीच्या ठिकाणी जोडत होते तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "डाग देऊन राहिली की मेणबत्ती लावून राहिली?" मी म्हटलं, "मग या ना इकडे." ते आले. चष्मा लावला, इस्त्री हातात घेतली आणि तारेला असा टिचभर चकचकीत डाग दिला की मी दुसरी तारही त्यांच्याच पुढे सरकवली.

गाडीसोबत वरचं कवच आलं होतं, पातळ प्लास्टिकचं, कुठल्यातरी परदेशी जीपचं. बाबांनी ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "ही बॉडी आहे? ही तर मिठाईची पेटी आहे." पुढच्या रविवारी गेले तर अंगणात तेलाचा रिकामा पिपा कापून सपाट करून ठेवलेला होता. टीव्ही बंद होता. बाबा चटईवर बसून पत्र्यावर खिळ्याने रेघा ओढत होते. ते ज्या ट्रकवर आयुष्यभर काम करत आले, त्याचं गोल नाकाडाचं बॉनेट त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून ठोकून उतरवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी उगाच त्यांना रागावले, "जमिनीवर कशाला बसता, गुडघे दुखतील."

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. सकाळी मी टेकडीवर जायची, तिथून गाडी घेऊन बाबांकडे. कोपऱ्यावरून पोहे आणि जिलबी आणायची, तेच आमचं जेवण. मी गाडीच्या खालच्या अंगावर काम करायची आणि बाबा वरच्या. मी मोटरला कमी दात्यांचं चाक बसवलं, म्हणजे गाडी अजून हळू आणि अजून ताकदीने चालेल. टायरमध्ये मऊ फोम भरला. बाबांनी केबिन केली, तिला छत लावलं. मग मागचा हौदा, त्याला बिजागरीचा फाळका, उघडझाप होणारा. मग बाजूला चढायचा जिना. मग छतावर जादा चाक. मग पाण्याचा कॅन, अवजारांची पेटी, समोर दिव्यांना जाळी. रिव्हेटच्या जागी ते ओमतीच्या हार्डवेअरवाल्याकडून आणलेले बारीक पितळी खिळे ठोकत. दर रविवारी काहीतरी नवं दाखवायला असायचंच.

आणि दर रविवारी गाडी फूफाजींवरून पडायची.

काहून पडते, हे मला ठाऊक होतं. तेच तर मी शाळेत शिकवते. वजन जेवढं वर, तेवढं उलटणं सोपं. क्रॉलरचं सगळं वजन चाकांपाशी हवं आणि डोकं हलकं. आमच्या ट्रकचं डोकं म्हणजे लग्नाच्या हॉलमधलं झुंबर. दगडाच्या फुगवट्यावर पुढची चाकं चढली की वरचा पत्रा मागे ओढायचा आणि गाडी उताणी. पण घरी गेल्यावर बाबा हातातलं काम थांबवून विचारत, "चढली?" आणि मी म्हणायची, "थोडक्यात राहिली. टायर घसरला." कधी बॅटरी उतरलेली असायची, कधी ऊन डोळ्यावर यायचं. वर्गात इतक्या थापा मुलांनी मारल्या असत्या तर मी त्यांना बाहेर उभं केलं असतं.

खरं सांगितलं तर बाबा कातरी ठेवून देतील आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, ही भीती होती. फूफाजी गेले खड्ड्यात, असं मी मनाशी म्हणायची. पण फूफाजीही मला हवेच होते, खोटं कशाला बोलू. म्हणून मी खालून उपाय चालवले. पंक्चरवाल्याकडून चाकांना लावायचे शिशाचे तुकडे आणले आणि पुढच्या चाकांच्या आत चिकटवले. वर जेवढं वाढेल तेवढं खाली वाढवायचं. शेवटी गाडी इतकी जड झाली की मोटर तापून वास सुटला आणि गिअरचे दाते झिजले. मी नवे गिअर बसवत होते तेव्हा बाबा शेजारी बसून छतासाठी भोंगा बनवत होते.

मग एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "या रविवारी मी पण येऊन राहिलो. पाहू तर खरं, तुमचे फूफाजी कसे आहेत."

रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून बाबा टेकडीवर आले. टोपी, काठी, खिशात पक्कड. सगळ्या मंडळींनी ट्रक हातात घेऊन पाहिला, फाळका उघडून पाहिला, "बाबूजी, क्या बात है" झालं. बाबा खुशीत एका सपाट दगडावर बसले. मी गाडी लावली. फुगवट्यापर्यंत गेली आणि उताणी पडली. बाजूने नेली, पडली. पुन्हा लावली. छतावरचं चाक तुटून घरंगळत बाबांच्या पायाशी येऊन थांबलं. तो दाढीवाला भल्या मनाने म्हणाला, "दीदी, ऊपर का वजन हटाओ. ये बॉडी निकाल के फेंको, अभी चढ़ जाएगी."

"बॉडी को कुछ नहीं बोलना!" मी ओरडले. वर्गात ओरडते तशी. बाबांनी ते चाक उचललं, रुमालाने पुसलं आणि खिशात टाकलं.

घरी आल्या आल्या त्यांनी चटई पसरली, गाडी समोर ठेवली आणि पत्रा कापायची कातरी घेतली. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, नका कापू."

"बॉडी जड झाली, हे तुला केव्हापासून माहीत होतं?"

"जिना लावला तेव्हापासून."

"मला छत लावलं तेव्हापासून माहीत होतं," बाबा म्हणाले. "ट्रकमध्ये जिंदगी गेली माझी. वजन कुठं ठेवायचं ते काय मला कळत नाही?"

"मग काहून लावत राहिलात?"

"आधी तू सांग. तू काहून नाही बोलली?"

"तुम्ही परत त्या खुर्चीत जाऊन बसाल म्हणून," मी सांगून टाकलं.

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग कातरीकडे. "गाडी पूरी झाली असती तर तू काहून आली असती, बेटा? एक काम बाकी राहिलं की एक रविवार पक्का होत होता. म्हणून मग जिना. म्हणून मग कॅन. आता भोंगा करून राहिलो होतो."

मला आधी रागच आला. माझं असंच आहे, आधी राग येतो. "म्हणजे मी फक्त गाडीसाठी येते?"

"तसं कुठं म्हटलं मी? आधी पण येतच होती. घड्याळ पाहत येत होती." ते अगदी साधेपणाने म्हणाले, तक्रार म्हणून नाही. त्यामुळे ते आणखीच लागलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले. बाबांना असल्या गोष्टींची सवय नाही. थोडा वेळ त्यांनी ते चालवून घेतलं, मग म्हणाले, "चलो, आता पकड इकडून. छत काढू."

त्यांनी ती बॉडी अगदी मजेत कापली. मला वाटलं होतं त्यांचा जीव तुटेल, पण कारखान्यातल्या माणसाला तोडायचंही सुख असतं. छत गेलं, जिना गेला, कॅन, पेटी, जाळ्या, अर्धा झालेला भोंगा, सगळं गेलं. केबिन खिडकीपासून कापून उघडी केली आणि वर जुन्या छत्रीच्या कापडाची ताडपत्री ताणली. हौदा खाली, चाकांपर्यंत उतरवला. राहिलं ते गोल नाकाडाचं बॉनेट आणि उघडझाप होणारा फाळका. "एवढं राहू दे," बाबा म्हणाले. मी चाकांतलं अर्धं शिसं काढून टाकलं आणि गाडी उचलून पाहिली. हाताला एकदम हलकी लागली.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. बाबा दगडाशेजारी गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि मी रिमोट धरला. "डावं. डावं... थांब. आता दम घेऊ दे तिला. हां, चल." फुगवट्यावर पुढची चाकं चढली, गाडी जागच्या जागी थरथरली, आणि मी, मी म्हणजे ओमतीच्या चौकातली मी, बोट न हलवता थांबले. मग केसभर खटका दाबला. टायरने दगड धरला आणि ट्रक फूफाजींच्या पोटावरून वर जाऊन माथ्यावर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दाढीवाल्याला मिठी मारली. मी इतकी खूश होते की परतताना ओमतीत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

बाबांच्या घरी पोचल्यावर मात्र गाडी टेबलावर उभी होती आणि तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना बाबा फाटकापर्यंत आले. "अच्छा," म्हणाले, आणि फाटकाची कडी उगाच दोनदा लावून पाहिली.

पुढच्या रविवारी मी टेकडीवर गेले नाही. गाडी राइट टाउनला कपाटावर ठेवली आणि सरळ बाबांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या मागे स्कूटरकडे.

"गाडी?"

"नाही आणली."

"बिघडली?"

"नाही. चांगली आहे."

"मग काहून आली?"

"जेवायला."

ते वळून स्वयंपाकघरात गेले आणि मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी तांदळाचा डबा उघडला, वाटी भरली, थोडे तांदूळ परत टाकले, पुन्हा घेतले, पुन्हा परत टाकले. शेवटी वाटी तशीच हातात धरून माझ्याकडे वळले.

"बेटा, तू भात किती खाते?"

मलाही सांगता येईना. या घरात आईच तांदूळ घ्यायची, आईच वाढायची, आणि आम्ही दोघं खायचो.