सातवी

विश्रामबागेत आमच्या कॉलनीच्या मैदानावर आम्ही सात बायका रोज संध्याकाळी थ्रोबॉल खेळायचो. सातवी सगळ्यात शेवटी आली. नवरा सैन्यात. मुलीच्या शाळेसाठी गावाकडून येऊन दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. पहिल्या दिवशी साडी खोचूनच उतरली.

"ताई, मला जमंल का वो?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

तिला कधीच जमलं नाही. चेंडू हातातून निसटायचे आणि तीच खळखळून हसायची. एकदा पाणी पिताना म्हणाली, "गाव सोडल्यापास्नं बोलायला कोण न्हवतं. तुमच्यात यायला लागल्यापास्नं लय गाढ झोप लागतीया बघा."

मग मिरजेच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं. सगळ्यांनी सारखे टी-शर्ट करून घेतले. संघात जागा सातच. आठवडा राहिला असताना एकीनं आपल्या भाचीला आणलं. भाची कॉलेजच्या संघातली. तिची पहिली फेक बघूनच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कप्तान मी होते.

सातवीला समोर सांगायचं धाडस नव्हतं. फोनवर उरकलं. "तू राखीव म्हणून ये. आणि हे बघ, तुझा टी-शर्ट लागेल. नवीन करायला आता वेळ नाही."

"व्हय, देते की."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मैदानावर घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला. माझ्या हातात देऊन वळली. ती फाटकापर्यंतही पोचली नव्हती, तोच मागून एकीनं तिचा आवाज काढला, "ताई, मला जमंल का वो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ती एक क्षण थबकली, पण मागं वळली नाही.

आम्ही जिंकलो. मिरजेला ती आली नव्हती.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिनं चहा केला, बिस्किटं ठेवली.

"रागावलीस?"

"रागवू कशाला? तुमी खेळाय येत हुता. मीच तुमास्नी मैत्रिणी समजून बसले."

"उद्यापासून ये की परत," मी एवढंच म्हटलं. म्हणताना भीती होती, की ही खरंच येईल आणि पुढच्या स्पर्धेच्या वेळी पुन्हा सांगायची पाळी माझ्यावरच येईल.

ती आली नाही. मला सुटल्यासारखं झालं.