कोरड्या पाइपाचा राखणदार

बोटाच्या पेरानं पाइपावर दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "खाली हाय. बरं हाय." हातात कायम एक चेपलेला स्टीलचा ग्लास. पाइप रिकामा आहे म्हणून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्हीही पाहिला नसेल.

अकोल्याच्या बाहेर एक कोल्ड स्टोरेज आहे. उणे वीस अंशांत मटार, मक्याचे दाणे, सीताफळाचा गर. आत पंचवीसेक बायका खोकी रचतात. दार एकच, आणि भिंतींच्या पोटात फोम. पेटला की आधी धूर मारतो. त्या बायकांना धड कोट आणि हातमोजे मिळावेत म्हणून मी अमरावतीहून, राजापेठेतल्या आमच्या संघटनेच्या खोलीवरून, पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं जायची. हे काका तिथले आग विझवायच्या पाइपांचे ऑपरेटर. कंत्राटी. नाव लिहीत नाही, त्यांनीच तसं बजावलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. छतावरचा पाइप दाराबाहेर जिथं खाली उतरतो, तिथली तोटी कुणी नसताना उघडून पाहिली. फुस्स झालं. थेंब नाही. चौथ्या दिवशी पत्रक छापून वाटूनही झालं: "आगीचे नळ कोरडे, मालक निर्धास्त!"

काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"लिवलं झ्याक हाय. अक्षरं बी मोठाली हायेत. फक्त खोटं हाय."

मी त्यांना तोंडावर मालकाचा माणूस म्हणाले. ते रागावले नाहीत. शेजारच्या खोलीत नेऊन त्यांनी मला एक लोखंडी झडप दाखवली. झडपेच्या खाली पाणी, वर दाबून भरलेली हवा. आग लागली की छतावरच्या पाइपाच्या तोंडातली काचेची कुपी उष्णतेनं फुटते, हवा निघून जाते, झडप उघडते आणि पाणी धावतं. तोवर पाण्यानं बाहेरच थांबायचं.

"या थंडीत पानी आंदीच आत भरलं तं त्याचा बरफ होते," ते म्हणाले. "मंग आग लागल्यावर काय बरफाचा गोया चोखत बसाचं? विचारून लिवत काहून नाही वो पोरी?"

हवेतल्या ओलीचे थेंब त्या उतरत्या पाइपात साचतात. तिथं एकाखाली एक दोन तोट्या; हवा सुटू नये म्हणून रोज सकाळी वरची तोटी बंद करून खालची उघडायची आणि ग्लास धरायचा. मी उघडली त्याच्या तासाभरापूर्वीच त्यांनी ती रिकामी केली होती.

दुरुस्तीचं पत्रक काढते, असं मी कबूल केलं. काढलं नाही. माघारीचं पत्रक कोण वाचतं, असं तेव्हा आमचं मत होतं.

खोटं पत्रक मात्र सगळ्यांनी वाचलं. पाहणीला साहेब लोक यायचे ठरले. नळात पाणी दिसलं पाहिजे म्हणून मॅनेजरनं पाइप भरायला सांगितले. काकांनी ऐकलं नाही, तर दुसऱ्याच्या हातून भरून घेतले. साहेबांसमोर तोटीतून धार उडाली. फोटो निघाले. साहेब गेल्यावर पाणी घाईघाईनं सोडलं, पण सगळं काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आत जाऊन पाइपावर पाना वाजवला. रोजचा टणटण आवाज नाही. दगडावर मारल्यासारखा ठप्प.

ते बाहेर आले आणि दारात आडवे उभे राहिले. बायकांना म्हणाले, आज आत जायचं नाही. मॅनेजर धावत आला. माल उतरवायला गाडी उभी आहे, आग काय आजच लागणार आहे का, असं बरंच बोलला. मी बाजूला उभी होते.

काका एवढंच म्हणाले, "माल गेला तं माल येईन साहेब. बाया कुठून आनता?"

बायका निंबाखाली जाऊन बसल्या. दोन दिवस थंडी बंद ठेवून बर्फ वितळवावा लागला. बर्फानं फुटलेली पाइपाची दोन वळणं बदलली. काकांनी पाइप पुन्हा कोरडे केले, हवा भरली, आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

मी आंदोलन करू म्हणाले. फलक, घोषणा, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं.

"माहं नाव टाकू नको कुठंच. आंदी तुह्यं ते दुरुस्तीचं काढ."

काढलं. तसं हलकं पत्रक मी आजवर वाटलेलं नाही, आणि उचलायला इतकं जडही. एक प्रत अंजनगाव सुर्जीला पाठवली, ते लेकीकडं गेले होते तिथं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी कळलं, ते गेले.

नवा ऑपरेटर आठवड्यातून एकदा येतो, रजिस्टरवर सह्या करून जातो. त्यावर नवं पत्रक लिहायचं म्हणून मी परवा विचारायला गेले. आधी विचारायला, हो.

बायका दाराबाहेर रांगेत थांबलेल्या होत्या. पुढच्या बाईनं हातमोजा काढून उघड्या बोटानं पाइपावर टकटक केली, कान लावला आणि नाही अशी मान हलवली. एकही बाई आत गेली नाही. तिनं वरची तोटी बंद केली, खालची उघडली, पाइपाला सुतळीनं बांधलेला तोच चेपलेला ग्लास धरला. अर्धा ग्लास पाणी आलं. तिनं ते निंबाला टाकलं, पुन्हा पाइप वाजवला.

"खाली हाय," ती म्हणाली. मग सगळ्या आत गेल्या.