उलटी घडी

राजारामकाकांनी कोल्हापूरच्या छापखान्यात पस्तीस वर्षं पुस्तकं बांधली. आता ते नेपरव्हिलला लेकीकडे असतात. गुडघे बोलतात, तरी दर गुरुवारी ट्रेननं शिकागोतल्या एका ग्रंथालयात बांधणीच्या मदतीला जातात.

तिथं जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या नेत्रानं कातड्यावर लिहिलेलं, आठशे वर्षांपूर्वीचं बायबलमधलं ग्रीक शुभवर्तमान पानांवरच्या पेन्सिलीच्या जुन्या आकड्यांवर विसंबून नुकतंच शिवून संपवलं होतं.

"या पानांची घडी उलटी दुमडली आहे," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला ग्रीक येतं?"

"कातडं येतं. केसांची बाजू पिवळट, आतली पांढरी. समोरासमोरची पानं एकाच रंगाची हवीत. इथं बघ."

नेत्राला ग्रीक येत होतं; तिनं वाचून पाहिलं. वाक्य पुढच्या पानाशी जुळत नव्हतं. "तीन दिवस मरमर शिवलंय, काका. कोण बघतंय?"

"उसवायला एक दिवस, शिवायला पुन्हा तीन," म्हणत काकांनी कण्हत स्टूल ओढलं आणि पहिला टाका कापला.