सासऱ्यांचा नम्रपणा

सिंगापूरच्या बंदरात आजवर जेवढी माणसं उतरली, त्यांत आमच्या सासऱ्यांइतकं फटकळ दुसरं कोणी नसेल. बोटीवर चीफ इंजिनियर होते. इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्येही सुटली नाही. मी बँकेत बऱ्यापैकी साहेब, पण या जावयाला हाक एकच, "ए गाढवा!" लिफ्ट उशिरा आली तर तिलाही तीच. हॉकर सेंटर नावाच्या खाऊबाजारातल्या कॉफीवाल्या आंटीला ते मराठीतून झापत, ती त्यांना चिनीतून, आणि दोघांचं छान जमे.

मग त्यांना स्ट्रोक आला. हातपाय सावरले, डोकं मात्र विस्कटलं. आधी बूट घालत, मग त्यावर मोजे चढवायला बघत. टीव्हीचा रिमोट कानाला लावून पलीकडून कुणी बोलायची वाट बघत. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, ते नम्र झाले. "अहो, आपण जरा पंखा लावाल का?" असं मला म्हणाले, तेव्हा मी हादरलोच. बायको आत जाऊन रडली.

हॉस्पिटलचे व्यायाम चालू ठेवून आम्ही त्यांना सेरंगूनला एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे ॲक्युपंक्चरला नेऊ लागलो. फायदा होईलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. डोक्यात बारीक सुया खोचलेले सासरे "बाई, आपला हात फार हलका हं," असं मराठीतून कौतुक करत. दर खेपेला बाई मला विचारत, "बेटर?" मी म्हणे, "सेम." आणि आज सांगूनच टाकतो, 'सेम' म्हणताना मला बरं वाटे. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मला 'अहो' ऐकू येत होतं. सुया लागू पडू नयेत, असं मी चक्क मनात म्हणत होतो. आपण इतके हलकट आहोत, याचा धक्का स्ट्रोकपेक्षा मोठा होता.

परवा बाईंकडे मी त्यांच्या उशाशी फोन बघत बसलो होतो. डोक्यात सुया, डोळे मिटलेले. एकदम जुना, इंजिनरूममधला आवाज आला, "काय रे गाढवा, मी असाच राहिलो तर तुझी चंगळ, होय ना?"

फोन हातातून पडला. तेवढ्यात बाई आल्या. "बेटर?"

"बेटर," म्हणत मी डोळे पुसले. हा फरक सुयांमुळे, व्यायामामुळे की नुसत्या गेलेल्या महिन्यांमुळे, ते बाईंनाही सांगता येईना. सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "डॉक्टर, ही इज क्राइंग. गिव्ह हिम वन निडल."

संध्याकाळी घरी ते पुन्हा 'अहो'वर आले. चहा देताना मी मुद्दाम त्यांच्या पेपरवर सांडला आणि उभा राहिलो.

"असू द्या हो," ते म्हणाले, "होतं असं."