एका मताचे तीन मालक

राज्यशास्त्राच्या सर्वेक्षण केंद्रात तिला सगळे भिंतबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वाटत असलं तरी कळायचं कसं? समोरचा सरकारला देव म्हणो नाहीतर चोर म्हणो, बाईच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, मान डोलवायची नाही, "अगदी बरोबर" म्हणायचं नाही. विचारणारा खूश दिसला की लोक त्याला आवडतील अशीच उत्तरं देतात, मग त्याला अभ्यास कोण म्हणेल? केंद्रातल्या सरांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं आणि बाईने ते इतकं मनावर घेतलं की घरच्यांचे हाल कुत्रा खाईना. नवऱ्याने विचारावं, "मीठ कमी पडलंय का गं?" तर ही म्हणणार, "तुम्हाला काय वाटतं?" लेक नवे कपडे घालून समोर उभी राहिली की हिचं सुरू, "फार छान, बरी, वाईट की सांगता येत नाही?" लेक दार आपटून निघून जायची.

अशा या बाईला आतून पोखरणारा एकच माणूस होता, तिचा थोरला भाऊ. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच उरलेला, आणि त्यानेच बोलणं टाकलेलं. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. दादा एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. कुणी गळ घातली होती? कुणीही नाही. हात जोडलेला फोटो, भाड्याच्या गाडीवर कर्णा, सगळं साग्रसंगीत. मोजणी झाली, आणि राहत्या गल्लीच्या मतदान केंद्रावर दादाला पडलेलं मत निघालं एक. अख्खं एक!

त्या एका मताला मालक तीन. वहिनी म्हणाली, माझं. बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची, केंद्र तेच, ती म्हणाली, माझं. दादा गरजला, "ते माझं स्वतःचं आहे! म्हणजे तुम्ही दोघींनी मला तोंडघशी पाडलंत!" आता बायकोशी अबोला धरून माणूस जेवणार कुठे? त्यामुळे तिच्यावरचा राग लवकर विरला आणि तिच्या वाटचाही बहिणीच्या पदरात पडला. तिने शपथा घेतल्या, दारात जाऊन रडली, पण हा ढिम्म. रस्त्यात समोर आली की दादा दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग लोक मत कसं ठरवतात याचा मोठा अभ्यास केंद्राने हाती घेतला. घरं निवडायची संगणकाने, डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी. संगणकाला कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते काय कळतंय? बाईच्या वाट्याला दादाचं घर आलं.

तिने सरांना फोन लावला. "सर, हे घर माझ्या भावाचं आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"सगळे बाहेरगावी आहेत, आणि उद्या काम बंद होतंय."

"मग शेजारचं घर घेऊ का?"

"शेजारचं?" सर किंचाळलेच. "आज शेजारचं घ्याल, उद्या मैत्रिणीचं घ्याल, परवा घरी बसून उत्तरंही तुम्हीच द्याल! निवडलं ते निवडलं." मग म्हणाले, "बोलणं आहे का भावाशी?"

"नाही."

"मग झालं तर. शास्त्राच्या दृष्टीने तो अनोळखीच."

शास्त्राला काय जातंय म्हणायला! बाई मात्र जिन्याच्या प्रत्येक पायरीवर "अनोळखी, अनोळखी" असं घोकत चढली.

दार वहिनीने उघडलं आणि आ वासून बघतच राहिली. घरातल्या कुणी उत्तरं द्यायची ते ठरवणारा प्रश्न बाईने टॅबवरून वाचला, "आपल्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी सर्वांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?"

"अगं, भावाचा वाढदिवस विसरलीस?"

"विचारावं लागतं, वहिनी."

दादा बनियनवर बाहेर आला. बहिणीला बघून तो मागे वळणार, तेवढ्यात तिने पुढचं वाक्य वाचलं, "आपली उत्तरं कुणालाही सांगितली जाणार नाहीत."

दादा थबकला. "कुणालाही?"

"कुणालाही."

"हिलाही नाही?" त्याने हळूच बायकोकडे बोट दाखवलं.

"कुणालाही म्हणजे कुणालाही."

दादाने वहिनीला दूध आणायला पिटाळलं आणि खुर्चीत बसला. रस्ते, पाणी, पुढारी यांवर त्याने भाषणंच ठोकली. बाई निर्विकारपणे टिपत होती. मग तो प्रश्न आला. "एकाला मत देणार असं सांगून, आपण कधी प्रत्यक्षात दुसऱ्याला मत दिलं आहे का?"

"दिलंय."

"कोणत्या निवडणुकीत?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी उभा होतो त्या."

बाईने टॅबवर पुढचा प्रश्न काढला. चेहरा तसाच ठेवून तिने वाचलं, "कारण सांगू शकाल का?"

"आत एकटा उभा राहिलो, समोर माझं नाव दिसलं. म्हटलं, ह्याला घरातला गळका नळ दुरुस्त करून घेता येत नाही, हा गाव काय चालवणार? दिलं दुसऱ्याला."

"आणखी काही सांगाल?" एवढं विचारायची तिला परवानगी होती.

"ते एक मत माझं नव्हतं. तुझ्या वहिनीचंही नव्हतं, तिने त्याच वर्षी भांडणात सांगून टाकलं. म्हणजे कुणाचं होतं ते तेव्हाच कळलं मला. पण तुझी माफी मागायची तर माझं कुणाला गेलं तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली गं."

बाईने टॅब खाली ठेवला. "गाढवा!" ती इतक्या जोरात ओरडली की दादा खुर्चीत दचकला. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा डोकावला नाहीस! दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला फोन हातात घेऊन बसायचे मी! आणि तुला हे तेव्हापासून ठाऊक होतं?" भिंतबाई भोकाड पसरून रडली. दादा उठून तिच्याजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून "चुकलं, चुकलं" एवढंच म्हणत राहिला.

वहिनी दूध घेऊन आली तेव्हा दोघांचे डोळे सुजलेले. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाले. जिना उतरायच्या आधी बाईने टॅबवर टिपलेली सगळी उत्तरं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "तुमचं एक घर कोरं का आलंय? त्याने उत्तरं दिलीच नाहीत?"

"दिली."

"मग भरा की ती! अर्धी असली तरी चालतील. बाई, ती उत्तरं केंद्राची आहेत."

"नाही सर," बाई म्हणाली. "ती त्याने मला दिलीत."